हलक्या धातूची जड जबाबदारी

जून-जुलैच्या बंदीकाळात कोकण किनाऱ्यावरील लहान होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांच्या डागडुजीला वेग येतो. एके काळी हे काम सर्वस्वी सुताराचे होते. पुढे साग आणि ऐन आवाक्याबाहेर गेले व फायबरच्या होड्या आल्या. पाय रोवून उभे राहण्यासाठी आणि जाळी व बर्फाची पेटी ठेवण्यासाठी अशा होडीत जो डेक लागतो, त्याच्या सांगाड्यासाठी ॲल्युमिनियमचा विचार होणे आता स्वाभाविक आहे. मात्र नवा धातू स्वीकारताना त्याचे ज्ञानही स्वीकारले जाते काय, हा खरा प्रश्न आहे.

ॲल्युमिनियमचे गुण निर्विवाद आहेत. ते कुजत नाही, त्याला कसर लागत नाही आणि वजनाला ते पोलादाच्या साधारण एकतृतीयांश भरते. साठ किलोचा पोलादी सांगाडा त्याच मापात ॲल्युमिनियमचा केला, तर तो जेमतेम एकवीस किलोंचा होईल. परंतु या धातूचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच असतो. तेव्हा माप वाढवणे भाग पडते आणि कागदावरची बचत तेवढी कमी होते. शिवाय डेक वीतभर उंच केला की त्यावरील माणसे व मासळीही वीतभर वर जातात. होडी कलंडण्याचा धोका वाढतो तो येथेच.

खरी अडचण जोडकामाची आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पण त्यावरील ऑक्साइडचा पातळ थर वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. हा थर नीट न काढता केलेला जोड वरून चकचकीत दिसला, तरी आत पोकळ राहू शकतो. चांगले आर्गन वेल्डिंग झाले तरी ६०६१ सारख्या उष्णतेने कठीण केलेल्या मिश्रधातूत जोडालगतची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. त्या मानाने मॅग्नेशियमयुक्त ५०८३ समुद्रातही अधिक टिकाव धरतो. दुकानात सहज मिळणारे खिडक्यांचे पातळ सेक्शन काच धरण्यासाठी असतात. लाटेच्या प्रत्येक आपटीबरोबर माणसांचा भार झेलण्यासाठी ते केलेले नसतात.

दुसरा शत्रू याहून छुपा आहे. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट भिडला आणि मध्ये खारे पाणी आले की तेथे जणू एक विद्युत्घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड वा तांबेयुक्त रंग यांचा संपर्कही असाच घातक ठरतो. नायलॉनचा वॉशर, रबराची पट्टी आणि पाणी साचू न देणारी भोके एवढ्या स्वस्त उपायांनी हे टळते. परंतु उपाय स्वस्त असला तरी तो ठाऊक असावा लागतो.

पिढ्यान्‌पिढ्या कोणतेही पुस्तक न वाचता कोळी बांधव समुद्रावर जात आले, मग आताच हे शास्त्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या परंपरेतच आहे. सुताराचे ज्ञान लिहिलेले नव्हते, पण ते शेकडो मोडलेल्या होड्यांतून कमावलेले होते. शिवाय लाकूड इशारा देते. ते करकरते, काळे पडते, सुरीच्या टोकाला मऊ लागते. ॲल्युमिनियमची चीर डेकच्या पत्र्याखाली मुकाट्याने वाढते आणि अनेकदा भर समुद्रात प्रकट होते. या धातूला किनाऱ्यावर अद्याप आजोबा नाहीत; म्हणून त्याला शाळा हवी.

ती शाळा उभारणे फार खर्चाचे नाही. किनारपट्टीच्या तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ॲल्युमिनियमच्या आर्गन वेल्डिंगचा अभ्यास सक्तीचा व्हावा. कोणता मिश्रधातू घ्यावा, जोड कोठे टाळावा आणि बोल्ट कसा बसवावा, हे सांगणारी सचित्र मराठी पुस्तिका मत्स्य महाविद्यालयांनी काढावी. १९५७ साली स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांचे ज्ञान इंग्रजी अहवालांत राहून चालणार नाही. ते बंदरावरच्या वेल्डरच्या हाती पडले पाहिजे. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होड्या व जाळ्यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. त्याच्या जोडीला वर्षातून एकदा, बंदीच्या काळात, डेकखालच्या जोडांची मोफत तपासणी करण्याची सोय का असू नये?

होडी देणे ही मदत झाली. ती सुखरूप परत येईल एवढी विद्या देणे हे कर्तव्य आहे. मदतीचा आकडा अंदाजपत्रकात दिसतो. कर्तव्यातील कसूर मात्र समुद्रावर गेलेल्या माणसाच्या घरी कळते.