वस्तीच्या गटाराचा नंबर कितवा?

घरात पगार हाती आला की किराणा, दूध, वीजबिल, मुलांची फी यांतच तो संपतो. चार पैसे उरलेच तर त्यातून गळके पत्रे बदलायचे की मोरी बांधायची, एवढाच प्रश्न राहतो. नगरपालिकेचेही तसेच आहे. पगार, पेन्शन, दिवाबत्ती, झाडलोट हा महसुली खर्च. रस्ता, गटार, पाण्याची लाईन, शाळेची इमारत हा भांडवली खर्च. पहिला टळत नाही. ओढाताण होते ती दुसऱ्यासाठी, आणि तिच्यात ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता आधी डांबरी होतो.

हा क्रम आवाजावर न लावता हिशेबाने लावता येतो. ब्राझील देशातील पोर्तु अलेग्रे या शहराने ते करून दाखविले. तेथे १९८९ साली कामगार पक्षाचे ओलिव्हिओ दुत्रा महापौर झाले. हे गृहस्थ मूळचे बँकेतले नोकरदार आणि युनियनचे पुढारी, म्हणजे आपल्यासारखेच खातेवही ओळखणारे! त्यांनी तिजोरी पाहिली तर जवळजवळ सारे उत्पन्न पगारातच जात होते. लोकांच्या सभा घेतल्या, मागण्यांचा ढीग पडला, पण कामे होईनात. दुसऱ्या वर्षी काही भागांत सभेला माणसेच कमी आली. लोकांचे तरी काय चुकले?

मग दोन गोष्टी झाल्या. मालमत्ता कर असा सुधारला की मोठ्या मालमत्तेला जास्त भार पडावा. आणि शहराच्या १६ विभागांसाठी गुण देण्याची रीत ठरली. विभागाची लोकसंख्या किती, त्या सोयीची उणीव किती, आणि तेथल्या लोकांनी ते काम कितव्या क्रमांकावर मागितले, या तीन गोष्टी पाहायच्या. समजा, एका विभागात शंभरांतल्या नव्वद घरांपुढे पक्का रस्ता आहे आणि दुसऱ्यात वीसच घरांपुढे. दोघांनीही रस्ताच मागितला, तर उणिवेचे जास्त गुण दुसऱ्याला. तेथे वशिला लागत नाही, कारण रीत मागणी येण्याआधीच ठरलेली असते. मंजूर कामांची पुस्तिका छापून लोकांच्या हाती दिली जाई. कोणते काम झाले, कोणते राहिले, हे त्यावरून कोणालाही विचारता येई. २००४ च्या निवडणुकीत तो पक्ष हरला, पुढे या पद्धतीचा जोर ओसरला आणि २०१७ मध्ये ती स्थगितही झाली. पण पंधरा वर्षे ती नेटाने चालली, हे काही थोडे नाही.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागविण्यास सुरुवात केली. पाऊल चांगलेच. मात्र एका कामाला पाच लाखांची मर्यादा ठेवली गेली. एवढ्यात बाकडी बसतात, पाट्या लागतात, पदपथाचा तुकडा दुरुस्त होतो. नाल्याची भिंत त्यात होत नाही. ज्या वस्तीत पावसाचे पाणी घरात शिरते तिला बाकडे मागायला सांगणे ही थट्टाच म्हणावी लागेल. मोठी कामे ठरतात तेथे गुणांची रीत हवी.

ती येईपर्यंत आपल्या गावच्या अंदाजपत्रकाचे पुस्तक मागून पाहा. नाही म्हणाले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. भगिनींनी विशेष पाहावे, कारण पाण्याचा हंडा आणि तुंबलेली मोरी त्यांच्याच वाट्याला येते. पुस्तकात आपल्या भागाच्या कामासमोर दोन रकाने शोधा: ‘मंजूर अंदाज’ आणि ‘सुधारित अंदाज’. मंजूरमध्ये रक्कम आहे आणि सुधारितमध्ये ती घटली किंवा शून्य झाली, तर ते पैसे दुसऱ्या कामाकडे वळविले गेले असण्याचा संभव आहे. कचेरीच्या भाषेत याला ‘वर्गीकरण’ म्हणतात. ते कोणत्या ठरावाने झाले, कोणत्या तारखेला झाले आणि पैसे कोणत्या रस्त्यावर गेले, हे लेखी विचारा. अर्जाची पोच घेऊन ठेवा.