नांव एकाचें, हात दुसऱ्याचा

खिशांत मावणारा मिटता चाकू ही वस्तु लहान. परंतु तिच्यावरून सध्यां अमेरिकेंत व युरोपांत जो वाद चालला आहे तो आमच्या वाचकांच्या कानांवर घालावा, असें आम्हांस वाटतें. तिकडे अशा चाकूंचे हौशी पुष्कळ आहेत. ते जे चाकू विशेष मानानें घेतात त्यांपैकीं बऱ्याच चाकूंवर कारखान्याचें नांव नसतें. ज्यानें त्यांचा घाट योजला त्या गृहस्थाचें, म्हणजे डिझायनराचें, नांव किंवा चिन्ह असतें. किंमत पुष्कळदां शेंकडों डॉलर. ती मोजणारा मनुष्य सहजच असें धरून चालतो कीं, ज्याचें नांव त्याचाच हात. वास्तविक त्या गृहस्थानें आराखडा काढलेला असतो. पोलाद कापणें, त्यास पाणी देणें, पातें घांसणें, खटका बसविणें हीं सारीं कामें हजारों मैलांवरील एखाद्या कारखान्यांत झालेलीं असतात. त्या कारखान्याचें नांव गिऱ्हाइकास सांगावें कीं सांगूं नये, हा तो वाद.

आराखडा काढणें हें हलकें काम आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मूठ हातांत कशी बसेल, एका अंगठ्यानें पातें कसें उघडेल, तें अवचित बोटांवर मिटूं नये म्हणून कोणती योजना करावी, यांस बुद्धि व अनुभव दोन्ही लागतात. घराचा नकाशा एकानें काढावा व भिंती गवंड्यानें रचाव्या, यांत कोणी फसवणूक मानीत नाहीं. हवाई बेटांतील केन ओनियन यांनीं योजलेले कित्येक चाकू अमेरिकेंतील ‘कर्शॉ’ या कंपनीनें काढले. योजणारा कोण व काढणारा कोण हें दोन्ही जगजाहीर होतें. ती कंपनीही १९७७ सालापासून जपानी ‘काई’ मंडळीच्या मालकीची आहे, हेंही लपविलेलें नाहीं. यामुळें ओनियन यांची कीर्ति रेसभरही उणावली नाहीं.

हा प्रश्न कांहीं नवा नव्हे. इंग्लंडांतील शेफील्ड हें चाकूसुऱ्यांचें गांव. तेथील धंदेवाल्यांच्या संघास १६२४ सालीं पार्लमेंटनें कायद्यानें मान्यता दिली, व मालावरील चिन्हांवर देखरेख ठेवण्याचें काम त्याच्याकडे आलें. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत झालेल्या मालावर ‘शेफील्ड’ असा खोटा छाप मारून तो विकला जाऊं लागला. शेफील्डकरांनीं मोठी ओरड केली, आणि विलायतेंत १८८७ सालीं व्यापारी चिन्हांचा कायदा झाला त्यास ही ओरड बरीच कारण झाली. दोनच वर्षांनीं त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानांतही आला, व १९५८ सालचा नवा कायदा होईपर्यंत तो चालला.

परंतु ज्यांनीं ही ओरड केली त्यांच्या स्वतःच्या घरीं काय चाललें होतें? पुष्कळ नांवाजलेल्या पेढ्या आपलें काम बाहेरच्या कारागिरांस वांटून देत. एकानें पातें घडावें, दुसऱ्यानें दगडाच्या चाकावर तें घांसावें, तिसऱ्यानें मूठ बसवावी. या लोकांस तेथें ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटे उस्ताद, म्हणत. घांसणाऱ्याच्या छातींत दगडाची व पोलादाची धूळ जाई आणि श्वास कोंडून तो ऐन उमेदींत मरे. पात्यावर नांव मात्र पेढीचें! परक्यानें आपलें नांव चोरलें तर तो गुन्हा, आणि आपण आपल्या माणसाचें नांव गाळलें तर ती धंद्याची रीत, असा हा न्याय होता. आजच्या वादांत बोलणाऱ्या बऱ्याच लोकांस ही जुनी हकीकत ठाऊक असावी असें दिसत नाहीं.

जर्मनींतील झोलिंगन या गांवानेंही आपलें नांव १९३८ सालापासून कायद्यानें राखलें आहे. या झोलिंगनचीच एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्विस सरकारनें आपल्या शिपायांसाठीं चाकूचा नमुना ठरविला तेव्हां एवढा माल पुरवील असा कारखाना स्वित्झर्लंडांत नव्हता. म्हणून पहिला पुरवठा झोलिंगनच्या वेस्टर कंपनीकडून झाला. हें उघड होतें. कार्ल एल्सनर नांवाच्या स्विस कारागिरानें देशांतील इतर धंदेवाल्यांस एकत्र आणून १८९१ सालींच तें काम स्वदेशांत सुरू केलें. जर्मन माल स्वस्त असल्यानें त्याचें दिवाळें निघण्याची वेळ आली होती. आप्तेष्टांच्या मदतीनें तो तरला. जगप्रसिद्ध ‘व्हिक्टोरिनॉक्स’ कारखाना त्याच्याच घराण्याचा. आपल्या शिपायाच्या खिशांतील चाकू करतो कोण, हेंच जर झांकलेलें असतें, तर तो आपण करावा अशी ईर्ष्या कोणास झाली असती?

आतां आजच्या गोष्टीकडे वळूं. अमेरिकेंत १९३० सालच्या जकातीच्या कायद्याखालीं परदेशी मालावर देशाचें नांव घालावें लागतें, आणि चाकूंच्या बाबतींत तें धातूवर ठोकून किंवा कोरून घालावें असा स्वतंत्र नियम आहे. परंतु कायदा देश विचारतो, हात विचारीत नाहीं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत यांगजियांग म्हणून शहर आहे. तेथें चाकू व कात्र्या करणारे कारखाने दाटीनें वसले आहेत. त्यांत अगदीं सुमार माल होतो, तसाच जगांतील उत्तम मालाच्या पंक्तीस बसेल असाही होतो. नुसत्या ‘चीन’ या शब्दानें घेणाऱ्यास यांपैकीं काय कळणार?

नांव लपविणारांचें म्हणणें असें कीं, कारखाना सांगितला तर प्रतिस्पर्धी तेथेंच धांव घेतील. शिवाय चिनी म्हटलें कीं लोक नाक मुरडतात. पहिल्या कारणांत व्यापाऱ्याच्या दृष्टीनें तथ्य आहे. दुसरें मात्र आम्हांस मुळींच पटत नाहीं. चांगल्या मालाचा कर्ता झांकून ठेवला आणि वाईटाचाच तेवढा उघडा राहिला, तर नाक मुरडण्याची संवय जाईल कशी? यांगजियांगचेच ‘रीएट’ व ‘वी’ हे कारखाने आपल्या स्वतःच्या नांवानेंही चाकू विकतात, व जाणते लोक ते चढ्या किंमतीस घेतात. कांहीं डिझायनर तर आपला चाकू कोणत्या कारखान्याचा हें आपण होऊन सांगतात. त्यांचा माल पडून राहिलेला नाहीं.

दुरुस्तीचा प्रश्न याहूनही रोकडा आहे. वर्षभरानें बिजागरीचा खिळा ढिला झाला, किंवा खटका धरीनासा झाला, तर जावें कोणाकडे? डिझायनराजवळ यंत्रें नाहींत. त्यानें दुकान आवरलें तर कारखान्याचा पत्ता कोणास माहीत नाहीं. आपल्याकडे २०११ सालच्या नियमांनीं बांधीव मालाच्या वेष्टनावर उत्पादकाचें, आणि माल परदेशी असल्यास आणणाऱ्याचें, नांव व पत्ता घालावा लागतो. औषधाच्या बाटलीवर तयार करणारा एक व विकणारा दुसरा असें कितीदां तरी आढळेल. घरांतील चार बाटल्या पाहाव्या. पुस्तकांच्या बाबतींत तर १८६७ सालच्या कायद्यानेंच मुद्रकाचें नांव व छपाईचें ठिकाण छापणें भाग पाडलें होतें, व त्यामुळें कोणा ग्रंथकाराची प्रतिष्ठा खालावल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पात्याच्या बुडाशीं इतकीं नांवें मावावीं कशीं, अशीही एक सबब पुढें येते. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स पेढीचा जुना चाकू कोणाच्या घरीं असेल तर त्यानें तो उघडून पाहावा. बोटाच्या पेराएवढ्या जागेंत पेढीचें नांव, नॉरफोक स्ट्रीटवरील घराचा नंबर, गांवाचें नांव, आणि शिवाय एक चांदणी व एक क्रूस, इतकें सारें कोरलेलें सांपडेल.