फाशांचा खेळ विकायला काढण्याआधी

घरी रचलेला फाशांचा खेळ पाहुण्यांना आवडला, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, हा विकायला काढ!" जरूर काढा. पण उठून लगेच छापखाना गाठू नका. पाचशे डबे छापून झाल्यावर नियमातली खोट सापडली, तर ते डबे माळ्यावरच राहतात.

आधी खेळ परक्यांच्या हाती द्या. नियमांचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि आपण तोंड मिटून बसा. जिथे ते अडतील, ते वाक्य पुन्हा लिहा. घरच्यांचं कौतुक हिशेबात धरू नका. ते मायेपोटी खेळतात.

मग दानांचं गणित मांडा. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांत बेरीज सात येण्याचे प्रकार सहा, बाराचा मात्र एकच. बारा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नसेल, तर खेळणारा कंटाळून उठेल. त्याऐवजी 'एका तरी फाशावर सहा' असा नियम केलात, तर ३६पैकी ११ प्रकारांत ती सुटते. एवढा एक शब्दांचा फेरफार खेळ वाचवू शकतो.

फाशांसाठी स्वतःचा साचा पाडू नका, तो महाग पडतो. बाजारातले तयार फासे घ्या, पण तपासून. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात हवी. प्लास्टिकचा फासा तरंगेल इतकं मीठ पाण्यात विरघळवा आणि त्याला बोटाने फिरवत राहा. दरवेळी तीच बाजू वर येत असेल, तर फासा एकीकडे जड आहे. तो परत करा.

पहिली खेप लहान ठेवा आणि डिजिटल छपाई करा. ऑफसेट मोठ्या संख्येलाच परवडते. डबाही बेताचा हवा. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानाचेही पैसे लावतात. किंमत ठरवताना कर, दुकानदाराचं कमिशन आणि फुटतूट धरा.

कायद्याकडे काणाडोळा नको. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आपला खेळ कुठे बसतो, हे भारतीय मानक ब्युरोकडे आधी विचारून घ्या. फासा तान्ह्याच्या घशात अडकू शकतो, ही सूचना डब्यावर ठळक छापा. खेळण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यातच तसं म्हटलं आहे. तेव्हा 'कल्पना चोरतील' या धास्तीने खेळ लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नावाचा ट्रेडमार्क नोंदवा. चित्रांना आणि नियमांच्या मजकुराला कॉपीराइट असतोच.

तेव्हा मंडळी, पैसा सर्वांत शेवटी घाला. खेळ खरोखर चांगला असेल, तर चार महिने उशीर झाल्याने त्याचं काही बिघडत नाही.