मे महिन्यात ‘उद्या येतो’

रब्बीचं पीक निघालं की शिवार मोकळं होतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतं. शेततळं, बांधबंदिस्ती, विहिरीतला गाळ, घराचा पाया, सगळ्यांना जेसीबी हवा असतो तो याच दोन-अडीच महिन्यांत. एक-दोन यंत्रं बाळगणाऱ्या मालकाचा फोन तेव्हा शांत राहत नाही.

तो सगळ्यांना ‘उद्या येतो’ म्हणतो. नकार दिला तर गिऱ्हाईक कायमचं जाईल, ही भीती. शिवाय डोक्यावर यंत्राचा हप्ता.

पण हिशेब पाहा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, उतरत्या काठांचं शेततळं म्हणजे २ हजार घनमीटरहून जास्त माती. खाली मुरूम संपून कातळ लागला की ब्रेकर लावावा लागतो, आणि दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं. त्यात होज फुटला, ऑपरेटर लग्नाला गावी गेला (लग्नसराईही नेमकी तेव्हाच!) की पुढची सारी कामं कोलमडतात.

दोष एकट्या मालकाचा नाही. शेततळ्याचं अनुदान काम झाल्यावर शेतकऱ्याच्या खात्यात येतं, तोवर मालकाची उधारी अडकते. म्हणून रोख देणाऱ्याचं काम आधी होतं.

अनुदानाच्या मंजुऱ्या रब्बीच्या काढणीआधी हातात पडल्या, तर निम्मी ओढाताण टळेल. मालकांनीही गावं रस्त्याच्या क्रमाने लावावीत, आगाऊ रक्कम घेऊनच तारीख द्यावी, कातळासाठी मधे मोकळा दिवस ठेवावा. आणि जमणार नसेल तर एप्रिलमध्येच तसं सांगावं. शेतकऱ्याला दुसरं यंत्र शोधायला तेवढा वेळ तरी मिळेल.