चोर सोडून संन्याशाला...

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपली अस्सल मराठी, असं मी इतकी वर्षं समजत होते. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांविषयी वाचायला लागल्यापासून मात्र ती तिकडेही नांदत असावी अशी शंका येते! नातू मिशिगन विद्यापीठात शिकायला गेला आणि त्याच्या पाठोपाठ मलाही हा नाद लागला. खेळ अजून फारसा कळत नाही. (तो अंडाकृती चेंडू हातात धरून पळतात, तरी त्याला फुटबॉल का म्हणायचं, हे त्यालाही सांगता आलेलं नाही.) पण गैरप्रकार आणि शिक्षा हा विषय मास्तरणीला कळायला हरकत नाही, नाही का?

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजची मॅच म्हणजे मैदानाच्या कडेला पाच-पन्नास मित्र आणि शिट्टी घेतलेले जिमखान्याचे सर. तिकडे मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक बसतात. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, तर विद्यापीठाच्या संघाचा कोच असतो. खेळणाऱ्या मुलांना मात्र कित्येक दशकं फक्त शिष्यवृत्ती मिळे. फी, राहणं, जेवण, बस्स. त्यापलीकडे काही घेतलं तर गुन्हा. हे सगळं पाहणारी संस्था म्हणजे एनसीएए.

या नियमांचा काच किती बारीक होता बघा. २०१४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या तीन खेळाडूंनी एका समारंभात ठरल्यापेक्षा जास्त पास्ता खाल्ला. विद्यापीठाने स्वतःच घाबरून ते कळवलं आणि प्रत्येकाला ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय द्यायला लावले! नंतर एनसीएएने सांगितलं की हा नियमभंग नव्हताच. पंगतीत जास्तीची जिलबी वाढून घेतली म्हणून दंड, असा हा प्रकार.

आता मोठे मासे पाहू. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात श्रीमंत हितचिंतकांच्या पैशातून खेळाडूंना गुपचूप रकमा दिल्या जात. आधी शिक्षा होऊनही ते थांबलं नाही. १९८७ मध्ये एनसीएएने त्यांचा अख्खा फुटबॉल हंगाम रद्द केला. या शिक्षेला तिकडे 'देहदंड' असंच म्हणतात. पुढच्या वर्षीही ते खेळले नाहीत. मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात, ज्याला ते 'बोल' म्हणतात, हा संघ पुन्हा पोचला तो थेट २००९ मध्ये. आणि पैसे चालू ठेवायच्या निर्णयात आपणही होतो, अशी कबुली देणारे बिल क्लेमेंट्स? ते विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर झाले होते. ते १९९१ पर्यंत गव्हर्नर राहिले.

दुसरं उदाहरण सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. रेजी बुश या खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना मिळालेल्या पैशांचं आणि सोयींचं प्रकरण २००४-०५ च्या सुमाराचं. शिक्षा झाली २०१० मध्ये. दोन वर्षं बोलबंदी आणि तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्या कमी. तोवर बुश व्यावसायिक खेळात जाऊन चार वर्षं झाली होती. कोच पीट कॅरल त्याच वर्षी जानेवारीत सिएटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते आणि २०१४ मध्ये त्या संघाने सुपर बोल जिंकला. मग शिक्षा भोगली कोणी? गुन्हा घडला तेव्हा जी पोरं शाळेत होती, त्यांनी. माझी नजर तर त्या ३० शिष्यवृत्त्यांवरच अडकते. ते ३० जण कोण, हे कुणालाच कधी कळणार नाही.

पण शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त टोचलं ते नॉर्थ कॅरोलायनाचं प्रकरण. चॅपल हिलच्या या नामांकित विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात नावापुरते कोर्स चालले. तास नाही, शिक्षक नाही. शेवटी एक निबंध द्यायचा, तो कार्यालयातल्या बाई नीट न वाचता तपासायच्या आणि भरघोस गुण द्यायच्या. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थी यातून गेले. त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएचा निकाल आला. विद्यापीठाला काहीही शिक्षा नाही! कारण काय, तर हे कोर्स फक्त खेळाडूंना नव्हे, सर्वांनाच खुले होते, त्यामुळे खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. म्हणजे एकाला फसवलं तर गुन्हा, सगळ्यांना फसवलं तर धोरण!

पास्त्याचा हिशेब सेंटपर्यंत होतो आणि अठरा वर्षांच्या न झालेल्या तासांचा होत नाही. जेरी टार्केनियन नावाचे एक फटकळ कोच म्हणाले होते म्हणे, की एनसीएए केंटकीवर इतकी चिडली आहे, की आता क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षं शिक्षा देईल. बड्याचा राग धाकट्यावर. यावर वेगळं भाष्य नको.

आता नातवाच्या विद्यापीठाकडे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या खाणाखुणांचं चित्रण करवलं. हे नियमाविरुद्ध. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला. समितीने म्हटलं की खरं तर संघावर बंदीच योग्य, पण तिचा फटका आजच्या निर्दोष मुलांना बसेल, म्हणून दंड. अंदाजे दोन ते तीन कोटी डॉलर! जानेवारी २०२४ मध्ये जिंकलेलं अजिंक्यपद कायम. कोच जिम हारबॉ यांना कॉलेजच्या खेळात दहा वर्षं जवळजवळ दारं बंद. आपल्याला काही माहीत नव्हतं असं ते सांगतात, आणि व्यावसायिक संघाकडे तर ते २०२४ मध्येच गेले. नातू म्हणतो, "आजी, आम्ही सुटलो!" मी म्हटलं, तू सुटलास हे बरंच झालं, पण श्रीमंत विद्यापीठाला दंड म्हणजे हत्तीला मुंगी चावणं. हीच रक्कम लहान कॉलेजाला झाली असती तर?

संपूर्ण संस्थेला शिक्षा केल्याशिवाय धाक बसत नाही, असा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे, कारण असे प्रकार एकट्यादुकट्याने होत नाहीत. एखाद्या परीक्षाकेंद्रावर सामूहिक कॉपी झाली तर केंद्रच रद्द करावं लागतं, हे आपण पाहतो. पण तिथेही पुन्हा परीक्षेला बसतो तो प्रामाणिक मुलगाच, आणि कॉपी पुरवणारा पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्राबाहेर उभा असतो. धाक बसायचा तर शिक्षा माणसाच्या मागे जायला हवी. कोच जिथे जाईल तिथे ती जावी, दंड त्याच्या करारातून कापावा, पैसे पुरवणाऱ्या शेठजींना मैदानाची पायरी चढू देऊ नये. आणि शिष्यवृत्तीला कुणी हात लावू नये.

२०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे जुने अर्धे गुन्हे आता गुन्हेच राहिलेले नाहीत. चांगलं झालं, राबणाऱ्याला मोबदला मिळावा. पण पैसा उजळ माथ्याने आला म्हणून वर्गातले तास आपोआप भरत नाहीत. चेंडू पोराच्या हातात असतो दहा-पंधरा वर्षं, पुढची चाळीस वर्षं पदवीवर काढायची असतात. ती पदवीच पोकळ देणाऱ्याला कसली शिक्षा, हे कोणत्याही नियमपुस्तकात आधी लिहायला हवं. पास्त्याचं नंतर बघू!