हजेरीपटावरची ५६ नंबर

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८१ साली संशोधकांनी सात वर्षांच्या एका काळ्या अस्वलिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला. नाव नाही, नुसता नंबर – ५६. हिवाळ्यात पट्ट्याच्या 'बिप-बिप'च्या रोखाने बर्फ तुडवत ते तिच्या बिळाशी जायचे. झोपेचं इंजेक्शन द्यायचे, पट्टा बदलायचे, पिल्लं असली तर मोजायचे.

वाचून आधी रागच आला. बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं घुसतं का? पण अशा पट्ट्यांमुळेच कळलं, की तिथली बहुतेक मोठी अस्वलं म्हातारपणाने मरत नाहीत, शिकाऱ्याच्या गोळीने मरतात. मग 'पट्टा दिसला तर गोळी झाडू नका' अशी विनंती सरकारी खात्याने शिकाऱ्यांना केली. ५६ नंबर मात्र २०१३ साली, साडेएकोणचाळीस वर्षांची होऊन, म्हातारपणानेच गेली.

मी मास्तर माणूस. आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली. नंबर पुकारला आणि 'हजर' ऐकू आलं नाही, की काळजात चर्र व्हायचं. नुसतं मोजणं म्हणजे माया नव्हे, कबूल. पण ज्याचं नाव हजेरीपटावरच नाही, तो गैरहजर आहे हे कळणार कुणाला? म्हणून त्यांनी केलेली तिची झोपमोड मी तरी माफ करून टाकली. तुम्हाला काय वाटतं?