संयम : केवळ सुविचार नव्हे

शाळेच्या फळ्यावर संयमाची महती सांगणारा सुविचार लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसलाही जातो. या सद्गुणाचे आयुष्यातील मोल मोजून पाहावे, असे सहसा कोणाला वाटत नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात मात्र तसा प्रयत्न झाला आहे.

१९७२-७३ मध्ये तेथे जन्मलेल्या १०३७ मुलांची पाहणी त्यांच्या तिसऱ्या वर्षापासून सुरू झाली. मुलांचा उतावळेपणा, चिकाटी, राग आवरण्याची शक्ती यांविषयी पालक, शिक्षक व निरीक्षक यांची मते बालपणीच नोंदविण्यात आली. टेरी मॉफिट, अवशालोम कॅस्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालपणी संयम कमी असलेल्यांच्या वाट्याला बत्तिसाव्या वर्षी आजार, व्यसने आणि पैशाची ओढाताण अधिक आली होती. बुद्धिमत्ता व घरची स्थिती यांचा प्रभाव वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकून राहिला. पुढे पंचेचाळिशीत पाहता, संयमी मुलांची शरीरे तुलनेने सावकाश वृद्ध होत असल्याचे दिसले.

यावरून 'ज्याचे आरोग्य त्याच्या हाती' असा सोयीस्कर अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पंधरा वर्षांच्या आत लागलेली सिगारेट, अर्धवट सुटलेली शाळा, अकाली आलेले पालकत्व या सापळ्यांत संयम कमी असलेली मुले अधिक सापडली, आणि पुढील हानीचा काही भाग या सापळ्यांतूनच आला, असे हाच अभ्यास सांगतो. उलट, तारुण्यापर्यंत ज्यांचा संयम वाढला, त्यांची स्थिती अपेक्षेपेक्षा बरी निघाली. म्हणजे संयम ही जन्माबरोबर मिळालेली अचल ठेव नव्हे. तो वाढू शकतो आणि सापळेही दूर करता येतात.

शिवाय संयमाला परिस्थितीचा आधार लागतो. ज्या घरात उद्याच्या मजुरीची शाश्वती नाही, तेथे आजचे सुख उद्यासाठी राखून ठेवण्याचा उपदेश पोकळ वाटतो. बचत असो वा आरोग्य, उद्यावर विश्वास असल्याखेरीज आजचा मोह आवरण्यास कारण उरत नाही.

शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आपल्याकडे २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. फळ्यावर संयमाचा सुविचार आणि फाटकाशी पानटपरी, हे चित्र जेथे असेल तेथे दोष एकट्या मुलाचा कसा मानावा? मुलांकडून संयमाची अपेक्षा बाळगणाऱ्या प्रौढ समाजाने आपल्याच कायद्याचे पालन करण्याइतका संयम आधी दाखवावयास हवा.